थोरला नातू कोण

तुमची मुलगी सिंगापूरला काय करते, असं कुणी माझ्या आईला विचारलं की ती सांगायची, "इंग्रजांचे जुने सातबारे वाचते." विचारणारा विषय बदलायचा. खरं सांगायचं तर याहून नेमकं मलाही कधी सांगता आलेलं नाही. मध्ययुगातल्या इंग्लंडमध्ये गावोगावी जे खाऊनपिऊन सुखी जमीनदार होते, म्हणजे राजेरजवाडे नव्हेत, आपल्याकडच्या खोतांसारखे म्हणा, त्यांच्यातला बाप मेल्यावर जमीन कुणाकडे गेली, कुणाला डावलून गेली, कोण भांडलं, हे मी लॅटिन कागदांवरून शोधते. कागद इंग्लंडात आहेत, त्यांचे फोटो माझ्या संगणकावर आहेत. क्लेमेंटीला एका चिनी बाईंच्या फ्लॅटमधली मागची खोली मी भाड्यानं घेतली आहे. विद्यापीठ बसनं दहा मिनिटांवर. माझं कंत्राट दोन-दोन वर्षांचं असतं आणि प्रत्येक वेळी ते वाढेल की नाही हे शेवटच्या महिन्यापर्यंत कळत नाही. माझं वय त्रेपन्न आहे.

माझा धाकटा भाऊ बुओना व्हिस्टाला राहतो. एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, माझ्यापासून दोन स्टेशनं. कॉन्डो, अठरावा मजला, खाली निळा तलाव, ज्यात त्याच्या घरचं कुणीही पोहत नाही. बँकेत नोकरी, ऑफिस चांगी बिझनेस पार्कला, तिथे त्याच्या हाताखाली बरीच माणसं आहेत. बायको हुशार, मुलगी हुशार, केससुद्धा अजून काळे.

मला त्याचा हेवा वाटतो. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. तो वाईट असता तर सोपं झालं असतं, मी त्याचा राग केला असता आणि चार लोकांनी मला साथ दिली असती. पण तो चांगला आहे. कुणी काही मागितलं तर तो आधी हो म्हणतो आणि मग काय मागितलं ते ऐकतो. अशा माणसाचा हेवा करायला फार मेहनत लागते, आणि मी ती सेहेचाळीस वर्षं घेतली आहे.

लोकांना वाटतं मी हा विषय काहीतरी वेगळं म्हणून निवडला. तसं नाही. विशीत असताना ग्रंथालयात एका पुस्तकात वाचलं, की त्या जमीनदारांत सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची, धाकट्यानं चर्चमध्ये जायचं नाहीतर लढाईवर, आणि मुलींना जमीन मिळायची ती भाऊ नसेल तरच. भाऊ नसेल तर मात्र सगळ्या बहिणींना सारखी वाटून. तिथे थोरली-धाकटी नाही. मी ते पान दोनदा वाचलं. भाऊ नसेल तर. मला वाटलं, ही माणसं आपल्या ओळखीची आहेत.

आता जी गोष्ट सांगायची आहे ती आमच्या आत्याआजीच्या बागेची. आत्याआजी म्हणजे माझ्या आजोबांची धाकटी बहीण. लग्नानंतर वर्षभरातच नवरा गेला, ती माहेरी परत आली, ट्रेनिंग करून प्राथमिक शाळेत शिक्षिका झाली आणि स्वतःच्या पगारातून रत्नागिरीकडे आमच्या गावालगत एक बाग विकत घेतली. हापूसची अकरा कलमं आणि एक विहीर. बाईनं स्वतःच्या नावावर जमीन घ्यायची हे तेव्हा गावाला फारसं पचलं नव्हतं. तिनंच मला बाराखडी शिकवली, आणि पुढे मोडीसुद्धा शिकवली. दुपारी बागेत चटई टाकून आम्ही दोघी जुनी खरेदीखतं वाचायचो. मुलगे क्रिकेट खेळायला जायचे, मी तिथे. ती बाग माझी आहे असं मला कुणी सांगितलं नव्हतं. पण तसं नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी ती गेली, नव्वदी उलटून. मृत्युपत्र निघालं. तिच्याच अक्षरात, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. "बाग माझ्या भावाच्या थोरल्या नातवास द्यावी," असं त्यात लिहिलं होतं. तिचा भाऊ म्हणजे आमचे आजोबा. आजोबांच्या नातवंडांत सगळ्यांत मोठी मी. पण मी नात.

वकिलांचा फोन भावाला आला, भावानं मला सांगितलं. माझी समजूत घालायची म्हणून तो म्हणाला, "ताई, तुला तिनं विद्या दिली ना." मी त्याला म्हटलं, विद्या हवी असेल तर तू घे, बाग मला दे. तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करते आहे.

पण पुढे एक घोळ निघाला. आजोबांना नातू दोन. एक माझा भाऊ आणि दुसरा आमच्या काकांचा मुलगा, जो बोटीवर चीफ इंजिनियर आहे. दोघं एकाच श्रावणात, एकाच घरात, काही दिवसांच्या अंतरानं जन्मले. आणि दोघांची कागदोपत्री जन्मतारीख एकच आहे. एक जून. पुढे दोघांना शाळेत घालायची वेळ आली तेव्हा दोघंही वयाला थोडे कमी पडत होते, म्हणून आत्याआजीनं दोघांना एकेका हाताला धरून स्वतःच्या शाळेत नेलं आणि रजिस्टरात दोघांच्या नावापुढे एक जून लिहून टाकलं. आमच्याकडे तसाही अर्ध्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो. पुढे पासपोर्ट, बोटीचे कागद, इथले नोकरीचे पास, सगळीकडे तीच तारीख गेली. म्हणजे ज्या बाईनं थोरल्याला बाग दिली, तिनंच थोरला कोण हे पुसून ठेवलं होतं. मृत्युपत्र लिहिताना तिच्या हे लक्षातही आलं नसेल. तिच्या मनात थोरला कोण हे स्वच्छ असणार.

जन्माची नोंद ग्रामपंचायतीत कुणी केली नव्हती. सुईण गेली, आई-बाबा गेले, काका-काकू गेले. पत्रिका बघावी तर चुलतभावाची वाळवीनं खाल्लेली, आणि माझ्या भावाची आईनं सून पसंत पडल्यावर तिच्या पत्रिकेशी जुळेल अशी नव्यानं करून घेतली होती. वकील म्हणाले, घरातल्या जाणत्या माणसानं प्रतिज्ञापत्रावर सांगावं कोण आधी जन्मला ते, आणि दुसऱ्यानं हरकत नाही म्हणून सही करावी, की झालं. घरातलं जाणतं माणूस म्हणजे मी. तेव्हा मी सात वर्षांची होते.

वकिलांचं पत्र वाचून मी एकटीच हसले. कारण त्या वेळी माझ्या टेबलावर नेमके तेच कागद होते. त्या इंग्लंडात बाप मेला आणि वारस अज्ञान असला तर जमीन पालकाच्या ताब्यात जायची, आणि पालक ती खुशाल पिळून काढायचा. वारस सज्ञान झाला की जमीन परत मिळायची. पण जन्मनोंद नव्हतीच. मग गावातले बारा म्हातारे बोलवायचे. प्रत्येकानं शपथेवर सांगायचं, हा मुलगा अमुक वर्षी जन्मला, आणि मला हे कशावरून आठवतं. कशावरून, हे सांगावंच लागायचं. एक म्हणतो, त्याच दिवशी मी गाडीवरून पडून पाय मोडला. दुसरा म्हणतो, त्या आठवड्यात मी माझी बायको पुरली. तिसरा म्हणतो, बाळाला चर्चमध्ये नेताना बघितलं, कारण तेव्हा माझ्या छपराला आग लागली होती आणि मी रस्त्यावर उभा होतो. दुसऱ्याच्या घरचं मूल माणूस स्वतःच्या दुखण्यावरून लक्षात ठेवतो. सुरुवातीला मी हे कागद वाचून हळवी व्हायचे. नंतर बरेच कागद वाचल्यावर कळलं, की तोच मोडलेला पाय आणि तीच आग दुसऱ्या गावात, दुसऱ्या वारसासाठीही सापडते. कारकून जुन्या कागदावरून उतरवून घ्यायचे. नाव बदललं की साक्ष तयार.

मला मात्र खरोखरच आठवत होतं. आणि तेही कुणाच्या सांगण्यावरून नाही.

घरात मूल जन्मलं की भाऊकीला दहा दिवस सोयर. देवपूजा बंद, शेजारचे गुरुजी येऊन देवांवर पाणी घालून जायचे. आणि नियम असा, की हे दहा दिवस संपायच्या आत भाऊकीत दुसरं मूल झालं तर त्याचं वेगळं सोयर धरायचं नाही. पहिल्याचं फिटलं की त्याच्याबरोबर दुसऱ्याचंही फिटतं. माझा भाऊ आधी जन्मला. त्याच्या पाचव्या दिवशी काकूला मुलगा झाला. भावाचे दहा दिवस भरले तसं घर सारवलं, पंचगव्य शिंपडलं, आत्याआजीनं देव ताम्हनात घेऊन घासले. काकूचा मुलगा तेव्हा जेमतेम पाच-सहा दिवसांचा. काकूला ते लागलं. नंतर कितीतरी वर्षं, स्वयंपाकघरात नारळ खवता खवता ती म्हणायची, "माझ्या लेकाला स्वतःचं सोयरसुद्धा मिळालं नाही. जावेच्या लेकाच्या सोयरात उरकलं." आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची.

आणि मला कशावरून आठवतं, तर त्या दिवशी मी मार खाल्ला. सात वर्षं मी आईजवळ झोपत होते, आणि आता तिथे हे लालभडक काहीतरी येऊन पडलं होतं आणि सगळं घर त्याच्या पाया पडायच्या बेतात होतं. मी असं धरून चालले, की घंटा वाजली नाही तर पूजा होणार नाही, पूजा झाली नाही तर सोयर फिटणार नाही, आणि सोयर फिटलं नाही तर बारसं होणार नाही. बारसं झालं नाही तर याला नाव मिळणार नाही आणि नाव नसलेल्या मुलाला कुणी ठेवून घेत नाही. म्हणून देवघरातली घंटा मी तांदळाच्या डब्यात पुरून ठेवली. आत्याआजीनं ती शोधून काढली आणि मला एक थोबाडीत दिली. तिनं मला मारलेलं तेवढं एकदाच. तिचा हात ओला होता.

तर अशी माझी साक्ष. पाय मोडण्यापेक्षा पक्की.

चुलतभावाची बोट तेव्हा सिंगापूरला येणार होती. तेल भरून पुढे जायची होती, त्यात त्याला सहा-सात तास किनाऱ्यावर यायला मिळणार होते. भाऊ म्हणाला, तिघं भेटू, समोरासमोर बोलून टाकू. क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे एका छपराखालच्या खाण्याच्या गाळ्यांत, रविवारी सकाळी अकराला जमलो. भावानं लेकीलाही आणलं होतं, चौदा वर्षांची. तिनं टिश्यूचं पाकीट टाकून टेबल अडवून ठेवलं होतं. चुलतभाऊ लाँचनं किनाऱ्यावर येऊन टॅक्सीनं आला. चार महिन्यांत त्यानं जमीन बघितली नव्हती. त्यानं कोपी, म्हणजे इथली कॉफी, मागवली आणि पाच मिनिटं नुसता इकडेतिकडे चाललेल्या माणसांकडे बघत बसला. तो माझ्या भावापेक्षा दहा वर्षांनी मोठा दिसतो. त्याच्या हातांना कितीही धुतलं तरी इंजिनाचा वास येतो असं तो स्वतःच सांगतो.

थोडं इकडचं तिकडचं झालं. मग भाऊ म्हणाला, "ताई, तू सांगशील ते मला मान्य आहे. मला काय, कुणालाही मिळो."

चुलतभाऊ खाली बघून म्हणाला, "मला हवी आहे. खोटं कशाला बोलू? दोन वर्षांत बोट सोडायची म्हणतोय. उतरून कुठेतरी जायला पाहिजे ना."

भाची मध्येच इथल्या मुलांच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बट आत्या इज द एल्डेस्ट, व्हॉट. व्हाय नॉट आत्या? सो अनफेअर, लाह." दोघंही हसले. मीही हसले. मग त्या मुलीला शंभर डॉलर काढून द्यावेत असं मला वाटलं, पण मी तिला फक्त उसाचा रस घेऊन दिला.

खरं सांगते, तिथे जाईपर्यंत माझ्या मनात खरं बोलायचंच होतं. रडतखडत का होईना, बोलायचं होतं. चुलतभावाबद्दल मला माया आहे, पण माया म्हणून मी खोटं बोलले असं म्हणवून घ्यायची माझी इच्छा नाही. त्याचं ते "मला हवी आहे" ऐकून माझं मन द्रवलं वगैरे नाही. माझं डोकं फिरलं ते "कुणालाही मिळो" ऐकून. ज्या बागेसाठी मी वर्षभर मनातल्या मनात आत्याआजीशी भांडत होते, रात्री उठून बसत होते, मेलेल्या बाईला विचारत होते की माझ्यात काय कमी होतं, ती बाग या माणसाला मिळाली काय आणि नाही काय. खाली तलाव आहेच, त्यात एक विहीर. भरल्या पोटी माणूस म्हणतो, जेवण काय, असलं तर असलं. मला वाटलं, एकदा, फक्त एकदाच, याच्या ताटातलं काहीतरी जावं. ते कुणाच्या ताटात पडेल याच्याशी मला देणंघेणं नव्हतं.

मी सांगायला लागले. सोयराची गोष्ट सांगितली, श्रावण सांगितला, गुरुजी सांगितले, ताम्हनात देव घासणारी आत्याआजी सांगितली, तांदळाच्या डब्यातली घंटा सांगितली. थोबाडीतही सांगितली. भाची डोळे मोठे करून ऐकत होती. सगळं खरं. फक्त दोन आयांच्या जागा मी बदलल्या. दहा दिवस भरले ते काकूच्या मुलाचे आणि पाच दिवसांचा होता तो आईचा, असं म्हटलं. कुरकुरली ती आई. खोटं बोलायला नवं काही रचावं लागत नाही, हे मी इतकी वर्षं कागदांत बघत होते. करायला बसले तेव्हा कळलं, की ते किती कमी वेळात होतं. माझा आवाजसुद्धा कापला नाही.

"म्हणजे तू थोरला," मी चुलतभावाला म्हटलं.

तो चिकन राइसच्या प्लेटमध्ये बघत राहिला. भाऊ म्हणाला, "मग झालं तर. चला, काम सोपं झालं." आणि उठून सगळ्यांसाठी आणखी एकेक कोपी आणायला गेला. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. काहीच दिसलं नाही. तो रांगेत उभा राहून पुढच्या म्हाताऱ्याशी काहीतरी बोलत होता.

पंधरा दिवसांनी वकिलांकडून मजकूर आला. भावानं तो ऑफिसात छापला आणि एका शनिवारी दुपारी आम्ही दोघं नोटरीकडे गेलो. चुलतभाऊ तोवर कुठल्यातरी समुद्रात होता. मराठी मजकूर, सोबत इंग्रजी भाषांतर. मी, अमुक वयाची, शपथेवर सांगते की. माझी घंटा तिथे "घरातील एक धार्मिक प्रसंग" झाली होती आणि थोबाडीत गाळली होती. कारकून सगळीकडे सारखेच. मी सही केली. मग भावाचा कागद. माझा चुलतभाऊ वयानं मोठा असल्याचं मला मान्य आहे आणि माझी काही हरकत नाही. बँकेतली माणसं वाचतात तसं त्यानं प्रत्येक पान सावकाश वाचलं, मागचंपुढचं बघितलं आणि सही केली. पेन नोटरीला परत देताना थँक्यू म्हणाला.

खाई त्याला खवखवे म्हणतात, पण माझ्या घशात खवखव नव्हती. मला नुसतं अपुरं वाटत होतं. काम झालं होतं, बाग गेली होती, माझं सेहेचाळीस वर्षांचं उट्टं निघालं होतं, आणि त्याचा चेहरा काही पडला नव्हता. ज्याच्याकडून हिसकावलं त्याला कळलंच नाही तर हिसकावण्यात काय मजा. उलट तो मला म्हणाला, ताई, ऊन आहे, तुला बसपर्यंत सोडतो. आणि माझ्या हातातली फाईल घेऊन चालायला लागला. फाईल माझीच होती, साक्षीचे कागद असलेली.

थांब्यावर येऊन उभे राहिलो. बोर्डावर बसला सहा मिनिटं दाखवत होते. मला राहवेना. मी विचारलं, "तुला काहीच वाटलं नाही?"

"कशाचं?"

"बाग गेली त्याचं."

त्यानं फाईल दुसऱ्या काखेत घेतली. मग म्हणाला, "वाटलं ना. आत्याआजीची बाग आहे." आणि नेहमीच्याच आवाजात, जसं काही मला बसचा नंबर सांगतो आहे, तसं म्हणाला, "ताई, मी थोरला आहे ते मला माहीत आहे."

बोर्डावरची सहा मिनिटं आता चार झाली होती.

"काकू मला लहानपणापासून ऐकवायची. तू माझ्या लेकाचं सोयर खाल्लंस म्हणून. आधी मला वाटायचं सोयर म्हणजे खायची वस्तू आहे. मी आईला विचारलंसुद्धा होतं, ती कशी लागते."

मी आयुष्यभर साक्षीदार तपासले. कोण जिवंत होतं, कुणाचं वय किती होतं, कुणाला काय दिसू शकत होतं, हे ताडून बघणं हेच माझं काम. इथे मी मोजलं, आई गेली, काकू गेली, सुईण गेली, आत्याआजी गेली, उरले मी. नारळ खवताना बायका जे बोलतात ते बायकांतच राहतं आणि पोरं अंगणात असतात, असं मी धरून चालले. माझ्या कागदांत वारस कधी साक्ष देत नाही. तो पाळण्यात असतो, बाकीचे त्याच्याबद्दल बोलतात. ते बाळ मोठं होतं, स्वयंपाकघरात पाणी प्यायला येतं आणि त्याला कान असतात, हे मला सुचलंच नाही. विद्यार्थ्यानं अशी चूक केली असती तर मी त्याचा निबंध परत केला असता.

"आणि तो?" मी विचारलं.

"त्यालाही माहीत आहे. काकू त्याच्यासमोरच म्हणायची."

म्हणजे त्या टेबलाशी आम्ही तिघंही जाणते होतो. एक भाचीच तेवढी माझं खरं मानून ऐकत होती. चुलतभाऊ प्लेटमधून वर का बघत नव्हता ते मला आता कळलं. त्याला बाग हवी होती आणि मी ती देत होते, त्यानं कशाला बोलावं. पण हा कशाला गप्प बसला? शपथेवरच्या कागदावर यानं समजूनउमजून सही केली होती, प्रत्येक पान वाचून.

"मग तिथेच का नाही बोललास?" मी म्हटलं. माझा आवाज चढला असणार, कारण शेजारी उभ्या असलेल्या एका मुलीनं कानातला इअरफोन काढून आमच्याकडे बघितलं. "खोटं बोलते आहे म्हणायचं होतंस. सगळ्यांसमोर म्हणायचं होतंस."

"कशाला?" तो म्हणाला. "तू माझ्याकडून कधी काही घेतलंस का सांग. आमच्याकडे राहायला ये म्हटलं तर नको. नोकरी सुटली होती तेव्हा सहा महिने मला कळू दिलं नाहीस. दिवाळीला साडी दिली तर दुकानात परत करून येतेस, मला माहीत नाही असं वाटतं तुला? त्या दिवशी पहिल्यांदा तू माझं काहीतरी घेत होतीस. म्हटलं, घेऊ दे."

बस आली. त्यानं फाईल माझ्या हातात दिली आणि पोचलीस की मेसेज कर म्हणाला, नेहमी म्हणतो तसं. मी कार्ड लावलं आणि वरच्या मजल्यावर जाऊन बसले. खाली तो थांब्यावर उभा राहून हात हलवत होता. अख्ख्या आयुष्यात एकदाच मी त्याच्याकडून काहीतरी हिसकावून घेतलं होतं, आणि तेसुद्धा त्यानं दिलेलंच निघालं.